कळंबा रोडवरची टस्कनी

युरोपला जावं की युरोप घरी आणावा, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला होता. नितीनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आठ दिवसांची सहल करू, फोटो काढू, विषय संपला. माझं म्हणणं, आठ दिवसांच्या सहलीपेक्षा रोजचं स्वयंपाकघर महत्त्वाचं. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं होतंच. मी मोबाईलवर जुन्या युरोपियन धाटणीची स्वयंपाकघरं बघून बघून वेडी झाले होते. इटलीच्या टस्कनीतलं मातकट भिंतींचं आणि लाकडी तुळयांचं, फ्रान्सच्या खेड्यातलं सायीच्या रंगाचं, इंग्लंडमधलं चौकटीच्या दारांचं आणि खोल पांढऱ्या सिंकचं. तिन्ही आवडत होती आणि तिन्ही एकाच ओट्यावर बसत नव्हती.

तेवढ्यात कोल्हापूरहून सुमनमावशीचा फोन आला. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली. "फोटो काय बघत बसतीस? आमचं करून झालंय इटलीवालं. ये आणि डोळ्यांनी बघ की!"

वाद तिथंच मिटला. व्हिसा नको, विमान नको, टाकी भरली की युरोप. शुक्रवारी सकाळी निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्त्याचं आधी सांगते. पुणे ते कोल्हापूर एरवी पाच तासांत होतं, पण महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू असलं की साताऱ्याच्या पुढे ठिकठिकाणी वळवतात आणि मग तुमचं नशीब. उजाडायच्या आत पुणं सोडा. खंबाटकीचा घाट थंडाव्यात पार होतो आणि कराडला पोहोचेपर्यंत भूक लागून उपीट-चहाची वेळ झालेली असते. उन्हाळ्यात जात असाल तर गाडीत पाणी भरपूर ठेवा. नितीनला वाटेत प्रत्येक रसवंतीपाशी थांबायचं होतं. मी दोनदा थांबू दिलं, तिसऱ्यांदा नुसतं त्याच्याकडे बघितलं.

मावशीचं घर कळंब्याच्या बाजूला, एका कॉलनीत. छोटासा बंगला, पुढे जास्वंद आणि कढीपत्ता. फाटकात काका काठीवर रेलून उभे होते. काकांनी उभी हयात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात काढली. पंचतारांकित म्हटलं की लोकांना हॉटेल वाटतं, पण ती औद्योगिक वसाहत आहे आणि काका तिथं लोखंडाचं ओतकाम बघायचे. आता दोन्ही गुडघ्यांनी संप केलाय. एक पायरी चढायची तरी त्यांना आधी मनाची तयारी करावी लागते.

"या जावईबापू! ये मंजू! युरोपात स्वागत हाय!" काका इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या गच्चीवरून एक बाई डोकावली.

आणि आत खरंच युरोप होता. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडलेली, त्यामुळे चपला काढता काढताच सगळं दिसत होतं. खाली भाजक्या विटांच्या रंगाची फरशी, वर गडद लाकडाच्या तुळया (आतून पोकळ आहेत, हे काकांनी ठोकून दाखवलं). कपाटांची दारं सायीच्या रंगाची, त्यांना काळ्या लोखंडाच्या कड्या. शेगडीच्या वर कमानीचं गिलावा केलेलं भलं मोठं धुराडं, त्याखाली निळ्या वेलबुट्टीच्या टाइल्स. एका दांडीला तांब्याची पातेली उलटी टांगलेली. आणि मधोमध एक टेबल. टेबल कसलं, आठ माणसं निवांत जेवतील असा जाडजूड सागवानी पाट होता तो, चार पायांवर उभा केलेला.

मी अक्षरशः पदर नसताना पदर खोचला. कपाटं उघडली, कड्या वाजवल्या, सिंकमध्ये हात घातला. काका मागून काठी टेकत टेकत एकेक गोष्ट दाखवत होते. त्यांची मुलगी बंगळूरला असते, तिच्या ओळखीच्या डिझायनरनं नकाशा काढला आणि सुतार इथलाच. "कड्या आपल्या फौंड्रीवाल्या दोस्तानं ओतून दिल्या. इटलीतनं मागवल्या असत्या तर घर विकाय लागलं असतं!"

मग चहा आला. पण तो शेगडीवरून आला नाही. मावशी मागच्या दारातून ट्रे घेऊन आली. मी शेगडीकडे नीट पाहिलं, तर तिच्या काचेवर कंपनीचं स्टिकर अजून तसंच होतं.

मागच्या दाराबाहेर एक पायरी उतरली की धुण्याची मोरी. मोरी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये पत्रा टाकून केलेली एक अरुंद बोळ. तिथं जुनी दोन बर्नरची शेगडी, जुना पोळपाट, तेलकट बरण्या आणि एक घरघरणारा पंखा. मावशीचा सगळा स्वयंपाक तिथं. तिथं स्टूल ठेवायलाही जागा नव्हती, दुसरं माणूस उभं राहिलं तर पहिल्याला वळता येत नव्हतं.

संध्याकाळी काका त्या मोठ्या टेबलाशी एकटेच बसले होते. मधूनच मागच्या दाराकडे तोंड करून ओरडायचे, "अगंऽ, आमटीत कोकम टाकलीस काय?" पत्रा आणि पंखा यांच्यापुढे काकांचा आवाजही थिटा पडत होता. उत्तर आलं नाही की ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवायचे आणि मग टीव्ही लावायचे.

जेवण मात्र असं होतं की मी सगळं विसरले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. नितीननं पांढरा रस्सा वाटीनं नव्हे, तांब्यानं प्यायला. मावशी बोळीतून गरम भाकऱ्या आणत होती, टाकत होती आणि परत जात होती. आम्ही जेवून उठलो तेव्हा ती एकटी बसली, ताट मांडीवर घेऊन, मागच्या पायरीवर.

शनिवारी सकाळी मिसळ. कोल्हापूरला जाऊन मिसळ खाल्ली नाही तर गाडीचं पेट्रोल वाया, असं माझं मत आहे. कुठे खावी ते सांगणार नाही, कारण प्रत्येक कोल्हापूरकराची एक लाडकी मिसळ असते आणि बाकीच्या सगळ्या त्याच्या लेखी पुण्यातल्या असतात. शंभरेक रुपयांत पोट भरतं. मिसळीबरोबर पावाच्या स्लाइस देतात आणि रश्शाला कट म्हणतात. वाढणाऱ्यानं नितीनचा लाल झालेला चेहरा बघितला आणि विचारलं, "पावणं, कट वाढू काय आनि?" नितीननं मानेनंच नको म्हटलं. तोंड उघडायची सोय नव्हती.

तिथून आम्ही एका मोठ्या किचन शोरूममध्ये गेलो. मावशी मुद्दाम बरोबर आली. तिथं तिन्ही धाटण्या शेजारी शेजारी मांडलेल्या, प्रत्येकीच्या खिडकीत खोटं फळझाड. माझा जीव इंग्लिशवर गेला. ताटं उभी लावायची लाकडी मांडणी होती त्यात. आपल्याकडच्या भिंतीवरच्या मांडणीचीच ती गोरी चुलत बहीण. फ्रेंचमध्ये सिंकच्या खाली दाराऐवजी चौकडीचा पडदा होता.

"आणि फोडणी कुठं घालायची?" मी विक्रेत्याला विचारलं.

"फोडणीसाठी मागं वेट किचन देतो की मॅडम. सगळी घेत्यात."

"मग हे?"

"हे ड्राय. चहा-कॉफी, फळं कापायला." मग त्यानं प्रामाणिकपणे भर घातली, "खरं म्हणजे बघायला."

पुण्याच्या फ्लॅटसाठी माझ्या डिझायनरनंही नेमकं हेच काढून दिलं होतं. बाल्कनी बंद करून मागे एक छोटं 'वेट', पुढे छान 'ड्राय'. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. आता मावशीकडे पाहिलं तर ती टस्कन ओट्यावरून हात फिरवत होती, पाहुण्याच्या घरात फिरवावा तसा, हलका.

संध्याकाळी रंकाळ्याला गेलो. काकांना चालवत नाही म्हणून गाडी काठाला लावली, ते आणि मी आतच बसलो. मावशी आणि नितीन भेळ आणायला गेले. पाण्यावर वारं छान होतं. मी सहज विचारलं, "काका, हे इटलीचं खूळ आलं कुठून?"

"खूळ न्हवं गं," काका म्हणाले. "कंपनीनं मशीन बघायला धाडलं होतं मला. लई वर्षं झाली. तिथला फोरमन रविवारी घरला घिऊन गेला. खेडंच की गं ते! द्राक्षाचं शेत, कोंबड्या, सगळं. मला वाटलं हॉलात बसवतील, पाणी देतील. तर त्यानं थेट चुलीम्होरं न्हेऊन बसवलं. मोठ्ठं टेबल. बायको रांधतीया, ह्यो शेंगा सोलतोय, आणि दोघं दणकून भांडत्यात! मला भाषा कळंना, पर भांडण कळत होतं."

ते हसले. पुढचं ते खिडकीबाहेर बघत बोलले.

"मी सगळी हयात शिफ्टला. ती शाळंत. मी घरला यायचो तवा ताट झाकलेलं असायचं. तवाच ठरवलं होतं, रिटायर झालो की असं टेबल करायचं. ती रांधंल, मी लसूण सोलीन. बास. तुळया-बिळया पोरीनं आणि डिझायनरनं घातल्या. मला टेबलच पायजे होतं."

"मग सांगा की मावशीला!"

"काय सांगू? किती जपतीया ती. दिवसातनं तीनदा पुसती. तिला आवडलंय, आपण कसं म्हणायचं, डाग पाड म्हणून?"

तेवढ्यात भेळ आली आणि काका कांदा जास्त की कमी यावर मावशीशी बोलायला लागले. घरी आल्यावर मी नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "नवरा-बायकोच्या मध्ये पडू नकोस. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं." मी त्याला वचन दिलं. खरंच पाळायच्या इराद्यानं दिलं.

रविवार चटणीचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कोल्हापूरकडची कांदा-लसूण चटणी वर्षाची एकदाच करतात, उन्हाळ्यात. तीच आमटीत, तीच रश्शात, तीच भाकरीवर. काकांचं मूळ गाव नेसरी. तिथून त्यांच्या आक्कांनी, म्हणजे थोरल्या बहिणीनं, वाळवून देठ खुडलेली मिरची पोतंभर पाठवली होती. घरी मिरची, खोबरं, कांदा आणि मसाले तेलावर भाजायचे, लसूण सोलायचा आणि मग सगळं डंकावर, म्हणजे कांडप यंत्रावर, कुटून आणायचं.

सकाळी मी मावशीच्या मदतीला बोळीत शिरले. तिचं सगळं अंग घामानं भिजलेलं. पुढे टेबलाशी काका एकटे लसणाचा ढीग घेऊन बसलेले. मधूनच हाक यायची, "खोबरं झालं काय गंऽ?"

"मावशी, पुढे का नाही करत?" मी विचारलं.

"तिथं?" मावशीनं कढईतलं उलथणं थांबवलं. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, मावशीही. "ह्यांनी किती हौसेनं केलंय ते! येईल त्याला हात धरून दाखवत्यात. त्याच्यावर मी मिरचीचं तेल उडवू? मी हितंच बरा. सवय झालीय." मग कढईत बघत हळूच म्हणाली, "दिवस जात न्हाय पण. कुणाशी बोलायचं? भिंतीशी?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. मी सगळं सांगून टाकलं. फोरमन, त्याची बायको, शेंगा, झाकलेलं ताट, सगळं.

मावशीनं गॅस बंद केला. चिमट्यानं ती अवजड लोखंडी कढई उचलली, पायरी चढली आणि सरळ पुढे गेली. मी मिरचीची पाटी घेऊन तिच्या मागे धावले. शेगडीवर कढई आदळली तेव्हा काका दचकून उठायला लागले.

"बसा! हलू नगासा!" मावशी कडाडली. "इतकी वर्षं संसार केला, तोंड हाय न्हवं तुमाला? पुण्याची पोरगी येऊन सांगती मला, तुमच्या मनात काय हाय ते!"

"अगं, पर डाग..."

"पडू देत! मी काय हितं देवघर पुजाय आलो काय?" आणि तिनं स्टिकर लावलेली ती शेगडी पेटवली.

काकांचा चेहरा मी सांगू शकणार नाही. त्यांनी लसणाची पाकळी उचलली, पण सोलायचं विसरले. नुसते तिच्याकडे बघत बसले.

यापुढचं वाचून टस्कनवाल्यांनी धडा घ्यावा. ते कमानीचं भलं मोठं धुराडं नुसतं दिसायला होतं. आतला पंखा चहाच्या वाफेपुरता. आणि स्वयंपाकघराला दार नव्हतं, कारण तीच तर युरोपची शान. गरम तेलात पोतंभर नेसरीची मिरची पडायला लागली आणि काही क्षणांत सगळ्या घराला ठसका लागला. नितीन हॉलमधून 'आई गं' म्हणत बाहेर पळाला. मागोमाग मी. शेजारची बाई गच्चीवरून खोकत ओरडली, "सुमनताई, चटणी काय? आमास्नी मारतासा काय!"

मावशीही तोंडाला पदर लावून आमच्याबरोबर फाटकापर्यंत आली. आली आणि थबकली. "अगं बया, हे आतच की!" काकांच्या गुडघ्यांना एवढ्या लवकर उठता येत नाही. ती उलट पावली त्या धुरात घुसली. मी मागे जायला निघाले, पण पहिल्याच श्वासाला परत फिरले.

आम्ही बाहेरच्या खिडकीशी गेलो. मावशीनं गॅस बंद करून खिडक्या भराभर उघडल्या होत्या. ओला पंचा काकांच्या तोंडावर दाबला होता आणि दुसऱ्या हातानं त्यांची पाठ चोळत होती. दोघांचे डोळे वाहत होते. मग ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. काका पंचा बाजूला करून काहीतरी म्हणाले, ती तावातावानं काहीतरी म्हणाली, त्यांनी लसणाचा गड्डा तिच्यापुढे सरकवला, तिनं परत सरकवला. नितीन म्हणाला, "भांडताहेत की काय?" मी म्हटलं, "भांडू दे." आणि मला रडू आलं. मिरचीमुळे आलं असं मी त्याला सांगितलं.

उरलेली मिरची दुपारपर्यंत पुढेच भाजली, थोडी थोडी आणि सगळी दारं-खिडक्या सताड उघडून. निळ्या टाइल्सवर लाल शिंतोडे, सायीच्या दारावर तेलाचा ओघळ. काकांनी तो फडक्यानं पुसला, तर पसरला. "ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. डंकावरून चटणी कुटून आणली आणि ती गरम असतानाच भाकरी, दही आणि कच्चा कांदा घेऊन आम्ही चौघं त्या टेबलाशी बसलो. मावशी आमच्याबरोबरच बसली. भाकरी हवी असली की ती उठायची, दोन पावलांवरची शेगडी पेटवायची आणि पाठमोरी बोलत राहायची.

सोमवारी सकाळी निघालो. डिकीत चटणीच्या दोन बरण्या, गूळ आणि जयसिंगपूरच्या बाजाराला गेलेल्या शेजारीणबाईंनी दिलेली वांगी. खोकल्याचा राग त्यांनी धरला नव्हता, पण चटणीतला वाटा मात्र घेतला होता.

आता हिशेब, म्हणजे काय शिकले त्याचा. युरोपियन धाटणी जरूर करा, पण ती मुळात खेडुतांची आहे, रांधून-सांडून काळी पडलेली, हे विसरू नका. पांढऱ्या संगमरवरावर हळद आणि चिंच कायमची राहते, ओट्याला ग्रॅनाइट घ्या. धुराडं हवं तेवढं देखणं करा, पण आत दमदार चिमणी बसवा आणि तिची नळी बाहेर काढलीय का ते शिडी लावून स्वतः बघा. दार हवंच, सरकतं चालेल. चटणीच्या दिवशी आशीर्वाद द्याल.

माझ्या डिझायनरला मी मागचं 'वेट' काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, मग पुढचं खराब होईल. मी म्हटलं, होऊ दे. नितीनला फक्त एवढंच विचारलं, की तू कुठे बसणार. त्यानं नकाशावर खिडकीजवळ बोट ठेवलं आणि विचारलं, लसूण सोलायलाच लागेल का?

परवा मावशीचा फोन आला. पूर्वी तिचा फोन आला की पाठीमागे पंख्याची घरघर असायची आणि काकांचा आवाज कुठून तरी लांबून, पुढच्या खोलीतून यायचा. ती "थांब, ह्यांना विचारून येतो" म्हणायची आणि मी बराच वेळ नुसती घरघर ऐकत राहायचे. परवा तिनं आमटीची कृती सांगायला सुरुवात केली, तर काका मध्येच म्हणाले, "चिंच न्हवं, कोकम सांग." ती म्हणाली, "तुमी गप बसा." ते म्हणाले, "मी रोज बघतोय न्हवं हितं बसून!" दोन्ही आवाज फोनमध्ये एकाच अंतरावरून येत होते. दोघं एकमेकांशीच बोलत राहिली, माझ्या आमटीचं काय करायचं ते काही कळलं नाही, आणि मी मध्ये बोलले नाही.